सेल्फ ‘खट्’ म्हणून थांबतो तेव्हा : जीपच्या सोलेनॉइडची घरगुती दुरुस्ती

मागील अंकात आम्ही धानावरील तुडतुड्यांविषयी लिहिले होते आणि या अंकात गोठ्यातील गोचिडांविषयी लिहिण्याचे कबूल केले होते. ते लिखाण तयारही आहे. परंतु मध्यंतरी एक रात्र अशी आली की, गोचिडांना महिनाभर थांबावे लागेल असे दिसते. वाचक रागावणार नाहीत. गोचिडे तर नक्कीच नाहीत.

श्रावणातली ती रात्र. बैहर तहसिलीतल्या एका टोल्यावरून निरोप आला की, रोवणीसाठी आलेल्या एका मजूर बाईला जमिनीवर झोपली असता साप चावला आहे. जखम दिसेना, सूजही नव्हती, पण पापण्या जड होऊ लागल्या होत्या. असा दंश बहुधा मण्याराचा असतो व त्यात वेळ फार थोडा असतो, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहे. नाल्याला पाणी होते, म्हणून चारही चाकांना जोर देणारी आमची जुनी जीप घेऊन आम्ही निघालो. नाला ओलांडून पोहोचलो, गाडी बंद केली, बाईला मागच्या बाकावर निजवले आणि किल्ली फिरवली. बॉनेटखालून एकच आवाज आला, ‘खट्’. पुढे काही नाही. पुन्हा किल्ली, पुन्हा ‘खट्’. गाडीचे दिवे मात्र लख्ख जळत होते.

ढकलून सुरू करावी तर चाके चिखलात निम्मी बुडालेली आणि पुढे चढण. दहा-बारा माणसांनी जोर लावला, गाडी वीतभरही हलली नाही. अखेर ट्रॅक्टर चालवणारा एक मुलगा चाकाचा पाना घेऊन गाडीखाली शिरला. “फादर, मी ठोकतो तेव्हा किल्ली फिरवा,” म्हणाला. त्याने सेल्फच्या वर बसवलेल्या लहान डबीच्या लोखंडी अंगावर हळूच दोन-तीन टोले दिले आणि तिसऱ्या वेळी इंजिन सुरू झाले. इस्पितळात पोहोचेपर्यंत आम्ही ते बंद केले नाही. बाईला वेळेत प्रतिविष मिळाले व ती आता घरी आहे. पण त्या चिखलात आमची पंधरा मिनिटे गेली होती, आणि मण्याराच्या विषाला पंधरा मिनिटे पुष्कळ होतात.

याच्या दोन महिने आधी हाच दोष दिसला होता. तेव्हा एका गॅरेजमध्ये आम्हांस सांगण्यात आले की बॅटरी संपली आहे. आम्ही नवी बॅटरी विकत घेतली. नव्या बॅटरीच्या जोरावर गाडी पंधरवडाभर नीट चालली, म्हणून आमचीही समजूत पटली. दोष बॅटरीत नव्हताच. तो होता रुपयाच्या नाण्याहून थोड्या मोठ्या अशा एका तांब्याच्या चकतीत. ती चकती कुठे असते, काय करते व ती बिघडल्यास आपल्या अंगणात कशी दुरुस्त करता येते, हे आज सांगू. ज्यांच्याकडे जीप नाही त्यांनी पान उलटू नये, कारण ट्रॅक्टरच्या सेल्फवरही हीच वस्तू बसवलेली असते.

महिंद्र कंपनीने १९४७ च्या सुमारास मुंबईत विलीज जीप जोडण्यास आरंभ केला. त्या काळच्या जीपला सोलेनॉइड नव्हते. पायाखाली एक जाड बटण असे. ते पायाने दाबले की बॅटरीचा प्रवाह सरळ सेल्फच्या मोटारीत जाई. तेही नको असेल तर पुढून हँडल मारायचे. हँडलाचा उलटा झटका बसून मनगट मोडण्याचे प्रकार जगभर होत, आणि त्या त्रासातूनच केटरिंग नावाच्या अमेरिकन अभियंत्याने विजेवर चालणारा सेल्फ तयार केला. १९१२ साली तो कॅडिलॅक गाडीला बसवला गेला. पुढे पायाच्या बटणाचे काम किल्लीकडे आले. पण किल्लीची नाजूक तार आणि तिच्यामागचा छोटा स्विच सेल्फचा प्रचंड प्रवाह सोसू शकत नाहीत. म्हणून मध्ये एक मध्यस्थ हवा झाला. तोच सोलेनॉइड. हा शब्द फ्रेंच शास्त्रज्ञ आंपेर यांनी बनवला आणि तो ‘नळी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. आमच्याकडच्या गॅरेजांत त्याचा ‘सोलोनाइड’ झाला आहे. ग्रीक भाषेला त्याचे वाईट वाटण्याचे कारण नाही.

नळी हे नाव अगदी योग्य आहे. डबीच्या आत तांब्याच्या तारेची गुंडाळी असलेली पोकळ नळी असते व तिच्यात लोखंडाचा दट्ट्या मागेपुढे सरकतो. किल्ली फिरवली की गुंडाळीचे लोहचुंबक बनते आणि दट्ट्या आत ओढला जातो. तो एका खेपेत दोन कामे करतो. एका टोकाने तो काट्यासारखा दांडा ओढून सेल्फचे लहान दातेरी चक्र, ज्याला मिस्त्री ‘बेंडिक्स’ म्हणतात, इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या दात्यांत ढकलतो. आणि प्रवासाच्या शेवटी दुसऱ्या टोकाने तांब्याची चकती दोन जाड बोल्टांच्या डोक्यांवर दाबतो. एका बोल्टावर बॅटरीची जाड केबल असते, दुसऱ्यावरून सेल्फच्या मोटारीकडे जाणारी तार निघते. चकतीने दोन्ही जोडले की मोटार फिरते. आधी दाते जुळावेत आणि मग मोटार फिरावी, हा क्रम त्यात मुद्दाम ठेवलेला आहे. उलट झाले असते तर दाते एका महिन्यात झिजले असते.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण पुढचे सारे निदान तिच्यावर अवलंबून आहे. गुंडाळी दिसायला एक असली तरी ती दोन तारांची आहे. एक जाड तार, ओढणारी. दुसरी बारीक तार, धरून ठेवणारी. दोघींना प्रवाह किल्लीकडूनच येतो. बारीक तारेचे दुसरे टोक डबीच्या अंगाला, म्हणजे अर्थला जोडलेले असते. जाड तारेचे दुसरे टोक मोटारीकडच्या बोल्टाला असते व मोटारीतून जाऊन ती अर्थ होते. चकती बोल्टांवर बसली की जाड तारेच्या दोन्ही टोकांना बॅटरीचाच दाब मिळतो, आणि दोन्हीकडे दाब सारखा असला की प्रवाह वाहत नाही. ओढणारी तार विश्रांती घेते. पुढचे काम बारीक तार थोड्या प्रवाहात करते. विहिरीतून मोट काठाशी आणताना दोघांचा जोर लागतो, काठावर धरून ठेवायला एक पुरतो, तसेच हे.

आता आवाजावरून रोग ओळखू. रात्री किंवा अंधाऱ्या छपरात हेडलाइट लावून किल्ली फिरवावी व एका माणसाने दिव्यांकडे पाहावे. एकच ‘खट्’ आला व दिवे तसेच लख्ख राहिले तर दट्ट्या सरकला, पण चकतीतून प्रवाह गेला नाही. हा चकतीचा किंवा मोटारीतल्या झिजलेल्या कार्बनांचा दोष. आमच्या जीपचे हेच झाले होते. एकच ‘खट्’ येऊन दिवे एकदम मंदावले तर प्रवाह गेला, पण मोटार किंवा इंजिन अडकले आहे, नाहीतर बॅटरी अशक्त आहे. ‘खटखटखट’ असा सारखा आवाज आला व दिवे प्रत्येक खटक्याला मंदावले तर आधी बॅटरी व तिची टर्मिनले पाहावीत. ती चांगली निघाली तर धरून ठेवणारी बारीक तार तुटली आहे असे समजावे. आणि कसलाही आवाज नसेल, दिवेही तसेच असतील, तर दोष किल्ली, तिची तार किंवा गुंडाळी यांत आहे.

पुष्कळदा दोष याहून सोपा असतो. बॅटरीच्या टर्मिनलावर पांढरी-हिरवी बुरशी चढते, किंवा इंजिनाकडून चेसिसला जाणारी अर्थची पट्टी गंजते. गाडीला हात लावण्यापूर्वी हे दोन्ही कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावे, घासून कोरडे करावे व आवळावे. मोजणीचा मीटर असल्यास, रात्रभर उभ्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाब मिळतो. सेल्फ फिरत असताना तो साडेनऊच्या खाली जाऊ लागला तर बॅटरीकडे पाहणे भाग आहे.

चकतीवरच्या थोड्याशा काजळीने इतकी मोठी मोटार कशी थांबते, असे एका शेतकऱ्याने आम्हांस विचारले. हिशेब सोपा आहे. डिझेल इंजिन फिरवताना २०० अँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह लागतो. चकतीवर एका ओहमच्या शंभराव्या भागाइतका अडथळा आला, तर २०० गुणिले ०.०१, म्हणजे २ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. १२ पैकी २ तिथेच गेले. शिवाय तेथे ४०० वॉट उष्णता उत्पन्न होते, शंभर वॉटचे चार दिवे एका नाण्याएवढ्या जागेत लावल्यासारखी. त्या उष्णतेने तांबे अधिक जळते, अडथळा अधिक वाढतो. असे ते चक्र चालते व एके दिवशी श्रावणातल्या रात्री पूर्ण होते.

आमच्या भागात हा रोग लवकर होतो याचेही कारण आहे. सेल्फ इंजिनाच्या खालच्या अंगाला असतो. बांध्यांमधून, नाल्यांमधून गाडी घातली की तापलेल्या सेल्फवर थंड पाणी पडते. आतली हवा आकसते आणि फटीतून पाणी व गाळ आत ओढते. ज्यांच्या जिप्सी कान्हाच्या मुक्की दरवाजाकडे पर्यटकांना घेऊन फिरतात ते धुळीविषयी हेच सांगतात.

आता दुरुस्ती. गाडी सपाट जागी उभी करावी, चाकांना दगड लावावेत. चारचाकी जोराच्या गाडीविषयी एक विशेष सूचना : गाडी गिअरमध्ये टाकली म्हणजे ती हलणार नाही, असा भरवसा येथे धरू नये. दुसरा दांडा, म्हणजे ट्रान्सफर केसचा, न्यूट्रलवर असेल तर गिअर घालूनही गाडी उतारावर घरंगळते, आणि आपण तर तिच्याखाली असतो. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. हातातली अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवावी. आमच्या गळ्यातला क्रूस आम्हीही काढून खुंटीला लावला. त्यात काही अनादर नाही.

प्रथम बॅटरीची ऋण, म्हणजे वजा खुणेची केबल सोडावी. ती आधी सोडली की पुढे पाना चुकून चेसिसला टेकला तरी ठिणगी पडत नाही. जोडताना हीच शेवटी जोडावी. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेणारा असतो, म्हणून जवळ बिडी नको. नंतर सेल्फवरच्या तारांना रंगीत दोरे बांधून खुणा कराव्यात, तारा सोडाव्यात आणि सेल्फचे बोल्ट काढावेत. सेल्फ जड असतो. शेवटचा बोल्ट काढताना दुसऱ्याने तो खालून धरावा. आमच्या वेळी तो आमच्या छातीवर आला.

सेल्फ बाकावर घेतल्यावर सोलेनॉइडपासून मोटारीत जाणारी तार सोडावी, सोलेनॉइडचे दोन किंवा तीन स्क्रू काढावेत आणि ते थोडे वर उचलून दट्ट्या काट्यातून सोडवावा. आता मागचे काळे झाकण पाहावे. ते स्क्रूंनी बसवलेले असेल तर आपले काम होण्यासारखे आहे. कडेचा पत्रा दुमडून बंद केलेले असेल, जसे पुष्कळ नव्या गाड्यांत असते, तर ते उघडण्याच्या फंदात पडू नये, नवे आणावे. पत्रा कापून पुन्हा चिकटवलेले सोलेनॉइड पहिल्या नाल्यातच दगा देते.

स्क्रूचे झाकणही तसेच निघत नाही, कारण गुंडाळीच्या तारांची टोके त्यावर दोन ठिकाणी कथलाने डाग देऊन जोडलेली असतात : एक किल्लीच्या तारेच्या टोकाशी, दुसरे मोटारीकडच्या बोल्टाशी. तेथील कथील वितळवून तारा मोकळ्या कराव्यात. रेडिओ दुरुस्तीचे २५ वॉटचे हत्यार येथे पुरत नाही. ६० ते १०० वॉटचे हवे. कथील वितळल्यावर झाकण सरळ वर ओढावे, वाकडे करू नये, नाहीतर तार तुटते.

आत काय दिसले ते सांगतो. दोन्ही बोल्टांच्या डोक्यांवर काळे खड्डे आणि चकतीवर त्यांच्याच आकाराची दोन जळकी बोटे. कडेला राखेसारखी तांब्याची भुकटी. आपल्याच जिल्ह्यात मलाजखंडला हिंदुस्तान कॉपरची एवढी मोठी तांब्याची खाण आहे, डोंगरच्या डोंगर फोडून निघणारे तांबे आम्ही पाहिले आहे; पण तोळा-दोन तोळे तांब्यावर एका बाईचा जीव अडकलेला आम्ही त्या दिवशी पाहिला.

चकती बहुधा एका बाजूनेच जळते. तिला धरणारी कडी काढून ती उलटी केली की दुसरी कोरी बाजू मिळते. कडी काढताना स्प्रिंग व न-वाहक वायसर कोणत्या क्रमाने निघाले ते कागदावर लिहून ठेवावे. तो वायसर चुकला तर चकती दांड्याला टेकते आणि बॅटरी थेट अर्थ होते. चकती रिव्हेटने पक्की असेल तर ती बारीक कानशीने व मग पॉलिश पेपरने साफ करावी. बोल्टाचे डोके गोल असेल तर बोल्ट सैल करून अर्धा फेरा फिरवावा. न जळलेली बाजू चकतीखाली येते. खड्डे घासताना मोह आवरावा. फार घासले तर दट्ट्या पूर्ण आत जाऊनही चकती बोल्टांपर्यंत पोहोचणार नाही. शेवटी दोन्ही डोक्यांवर लोखंडी पट्टी आडवी ठेवून ती सारख्या उंचीवर आहेत की नाहीत ते पाहावे. एक उंच राहिले तर चकती तिरपी टेकते व महिनाभरात पुन्हा जळते. या एका तपासणीसाठी आम्ही दोनदा बोल्ट सैल केले.

दट्ट्या आणि नळी कापडाने स्वच्छ पुसावी. गंज असेल तर पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवावा. येथे ग्रीस भरण्याची अनेकांना सवय आहे. ती वाईट आहे. ग्रीसला धूळ चिकटते आणि थंडीत ते घट्ट होते. तेलाचे बोट फिरवले तेवढे पुरे, आणि तांब्याला तर तेही लावू नये. भुकटी झटकून टाकावी, झाकणाचे रबर फुटले असल्यास बदलावे, तारा पुन्हा डाग देऊन जोडाव्यात.

गाडीवर चढवण्यापूर्वी बाकावरच परीक्षा घ्यावी. सोलेनॉइड सेल्फवर बसवावे, परंतु मोटारीत जाणारी तार अजून जोडू नये. बॅटरीच्या ऋण टोकावरून दोन तारा घ्याव्यात, एक सोलेनॉइडच्या अंगाला व दुसरी मोटारीकडच्या बोल्टाला लावावी. मग धन टोकाची तार किल्लीच्या टोकाला टेकवावी. काहींवर तेथे ५० हा आकडा असतो. बेंडिक्स झटक्यासरशी पुढे आले पाहिजे. तसेच धरून बोल्टावरची ऋण तार काढावी. बेंडिक्स पुढेच राहिले तर बारीक तार शाबूत आहे. मागे गेले तर ती तुटली आहे व सोलेनॉइड बदलणेच बरे. आता अंगावरची ऋण तार काढावी. बेंडिक्स लगेच मागे गेले पाहिजे. हे सारे तीन ते पाच सेकंदांत उरकावे, कारण ओढणारी तार जास्त वेळ प्रवाह सोसत नाही. आमचे बेंडिक्स पहिल्याच खेपेस पुढे उडाले आणि पाहायला जमलेल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

जुन्या गाडीत सोलेनॉइड चांगले असूनही कधी किल्लीकडून पुरेसा प्रवाह येत नाही. ओढताना सोलेनॉइडला पंचवीस-तीस अँपिअर किंवा अधिकही लागतात आणि वीस वर्षांच्या किल्लीला ते झेपत नाही. त्यावर चार टोकांचा रिले बसवणे हा स्वस्त उपाय आहे. किल्लीकडून सोलेनॉइडला येणारी तार काढून रिलेच्या ८६ ला द्यावी, ८५ अर्थ करावे, ३० ला बॅटरीकडून फ्यूज घालून जाड तार आणावी व ८७ वरून तशीच जाड तार सोलेनॉइडला न्यावी. रिले पाण्यापासून उंच बसवावा.

आता अडचणीच्या वेळी काय करावे. पान्याने टोला देणे हा रस्त्यावरचा उपाय आहे, औषध नव्हे. टोला डबीच्या लोखंडी अंगावर हलका द्यावा. काळ्या झाकणावर दिल्यास ते फुटते, आणि मोटारीच्या अंगावर जोरात दिल्यास, ज्या नव्या सेल्फमध्ये कायमचे लोहचुंबक असतात, ते तडकतात. इंजिन सुरू झाल्यावर किल्ली सोडूनही सेल्फचा घर्र आवाज चालू राहिला, तर चकती बोल्टांना चिकटली आहे. तेव्हा इंजिन बंद करून ताबडतोब बॅटरीची केबल सोडावी. उशीर झाला तर केबल पेटते. त्यासाठी टर्मिनलाचा पाना ड्रायव्हरच्या बाकाखाली ठेवण्याची सवय आम्ही आता लावून घेतली आहे.

दुसरा एक उपाय आमच्या गावोगावी चालतो आणि त्याविषयी आम्ही कठोर शब्द वापरणार आहोत. ट्रॅक्टरच्या बाजूला जमिनीवर उभे राहून पेचकसाने सोलेनॉइडचे बोल्ट जोडायचे आणि इंजिन सुरू करायचे. किल्लीने सुरू करताना पुष्कळ ट्रॅक्टरांत क्लच किंवा न्यूट्रलचा सुरक्षा-स्विच असतो. गिअर पडला असेल तर तो सेल्फ फिरू देत नाही. पेचकस त्या स्विचला वळसा घालतो. गिअर पडलेला असला तर इंजिन लागताच ट्रॅक्टर पुढे निघतो आणि मागचे मोठे चाक पेचकस धरणाऱ्याच्या अंगावरून जाते. उडी मारायला वेळच मिळत नाही. जगभर ट्रॅक्टरखाली माणसे दगावण्याचे हे एक ओळखीचे कारण आहे. जीपलाही हेच लागू आहे. ज्यांच्या टूलबॉक्समध्ये जळक्या टोकाचा पेचकस आहे त्यांनी तो आमच्याकडे आणून द्यावा, बदल्यात नवा देऊ. आतापर्यंत तीन आले आहेत.

आणि सर्पदंशाचे. गाडी सुरू होत नसेल तर तिच्याशी झगडत बसू नये. एकाने लगेच १०८ ला फोन लावावा, दुसऱ्याने शेजारचे वाहन पाहावे. रोग्याला चालू देऊ नये, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा, अंगठी-बांगड्या काढाव्यात. जखम कापू नये, चोखू नये, दोरीने करकचून आवळू नये. झाडफूक करणाऱ्याकडे वळून जाण्याइतका तर वेळच नसतो. बोलणे जड झाले, गिळता येईना, तर एका कुशीवर निजवावे आणि श्वासावर नजर ठेवावी.

जीपचा सेल्फ आता पहिल्या किल्लीला फिरतो. तरी रात्री नाल्यापलीकडे गेल्यावर आम्ही इंजिन बंद करीत नाही, आणि गाडी उतारावर तोंड करून उभी करतो. पुढील अंकात गोचिडांविषयी लिहू.